टोनी आयोमी : तुटलेल्या बोटांचा गिटारवादक

जन्म १९ फेब्रुवारी १९४८, बर्मिंगहॅम. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक तुटलं. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांवर सुरावटी वाजवणारा हा जॅझवादक.

मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, घासून बसत्या केल्या, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बॅन्जोच्या बारीक तारा चढवल्या. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बमात तर कित्येक गाण्यांसाठी तारा दीड स्वर उतरवल्या. तारा सैल पडल्या आणि नाद खर्जात गेला; हेवी मेटलचा नाद तो हाच.

पण हेवी मेटलचं श्रेय त्या अपघाताला देऊन मोकळं होणं आयोमीवर अन्याय करणारं आहे. त्याचा कान विलक्षण होता. १९७०च्या ‘ब्लॅक सॅबथ’ या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत ऐका : षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. एवढ्या तीन सुरांत अंगावर काटा येतो.

बँडमधले सोबती बदलत गेले. आयोमी मात्र कायम राहिला. २०१२मध्ये लिम्फोमाचं निदान झालं, तरी पुढच्याच वर्षी ‘१३’ हा अल्बम आला. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले.