धावण्यासाठी सोयीचे कपडे व पादत्राणे

धावणे हा सर्वांत कमी साधनांचा व्यायाम मानला जातो. थोडी सवड, मोकळा रस्ता आणि धडधाकट पाय एवढे असले की पुरे, अशी सर्वसाधारण समजूत आहे व ती बऱ्याच अंशी खरीही आहे. २०१३ साली बारामती येथील मॅरेथॉन स्पर्धेत साठी उलटलेल्या लताबाई करे नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावल्या व ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या होत्या. २०२० साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला आणि त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. या जिद्दीपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. परंतु ते अंतर ३ किलोमीटरचे होते आणि ते धावणे गरजेपोटीचे होते. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्याने त्यावरून बुटांची आवश्यकताच नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हे सर्वांना ठाऊक असते. १९६४ साली टोकियोत तो बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि आधीपेक्षा कमी वेळात जिंकला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

मावळ तालुक्यात या विषयाला एक वेगळे महत्त्व आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर व महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. त्याची तयारी करणारी तरुण मुले-मुली पहाटे रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. पायात पुष्कळदा शाळेतले कॅनव्हासचे बूट किंवा मोठ्या भावाचे, तळवा झिजलेले जुने बूट असतात. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार पायावर येतो. हा भार सोसण्याची सवय स्नायूंना व हाडांना हळूहळू होत असते. सराव एकदम वाढवला व त्यात बूटही चुकीचा असला, की टाच दुखते, नडगीच्या हाडाला सूज येते आणि प्रसंगी त्या हाडाला बारीक चीर पडते. अशी चीर भरून येण्यास काही आठवडे सक्तीची विश्रांती घ्यावी लागते. भरतीचा दिवस त्यासाठी थांबत नाही. घरच्यांनी वर्षभर धरलेली आशा एका नडगीपायी मागे पडते.

बूट कसा निवडावा? दुकानात तळपायाच्या कमानीचा आकार पाहून अमुक पायाला अमुक बूट, असा सल्ला दिला जातो. अमेरिकन सैन्यातील नव्या जवानांवर २००९-१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मात्र कमानीनुसार बूट दिल्याने दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे संशोधक बेनो निग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली असे मत मांडले की, धावणाऱ्याला जो बूट सर्वांत सुखकर वाटतो, तोच त्याच्यासाठी बहुधा योग्य असतो. सोय ही चैन नव्हे, ती निवडीची कसोटी आहे. महागडा बूट अधिक सुरक्षित असतो, असेही समजण्याचे कारण नाही.

बूट घेण्यास सायंकाळी जावे, कारण दिवसभराच्या वावरानंतर पाय किंचित फुगलेले असतात. धावताना जे मोजे घालणार तेच घालून दोन्ही पायांत बूट चढवावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी, बोटे आत मोकळी हलावीत आणि टाच मात्र वर-खाली घसरू नये. बूट चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर घट्ट बूट कधीही घेऊ नये. तळव्यातील फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर दबतो. वरून बूट नवा दिसत असला तरी तो बदलण्याची वेळ आलेली असते.

लोणावळ्याचा पाऊस हा स्वतंत्र प्रश्न आहे. येथे वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांतच. भुशी धरणाच्या परिसरातील किंवा लोहगडाच्या वाटेवरील शेवाळलेल्या कातळावर कोणताच बूट भरवशाचा नाही; तेथे धावू नये हेच उत्तम. इतरत्र खोल नक्षीचा तळवा असलेले बूट बरे पडतात. ओले बूट उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावेत, अन्यथा तळव्याचा डिंक सुटतो. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, त्यामुळे फोड येतात व बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पावसाळ्यात कृत्रिम धाग्याचे, लवकर वाळणारे मोजे वापरावेत व घरी येताच पाय धुऊन बोटांमधील जागा कोरडी करावी. फुटलेल्या फोडांनिशी भातखाचरात किंवा साचलेल्या पाण्यात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिससारख्या आजाराचा धोका संभवतो.

कपड्यांबाबतही तेच. सुती कापड आपल्या हवेला मानवते, हे एरवी खरे. पण घाम किंवा पाऊस मुरला की ते जड होते, अंगाला चिकटते आणि काखा व मांड्या घासून सोलवटते. घाटावरच्या वाऱ्यात ओल्या सुती सदऱ्याने हुडहुडीही भरते. सैलसर, पातळ, लवकर वाळणारा सदरा अधिक सोयीचा. घासणाऱ्या जागी थोडे व्हॅसलीन लावावे. स्त्रियांनी छातीला नीट आधार देणारी, व्यायामासाठीची अंतर्वस्त्रे वापरावीत. संकोचापोटी हा विषय घरात निघत नाही व मुली वेदनेमुळे धावणेच सोडून देतात. सलवार-कमीज घालून धावण्यास हरकत नाही, मात्र ओढणी घरी ठेवावी व सलवारीची मोहरी पायात अडकणार नाही इतकी आखूड असावी. धुक्याच्या दिवसांत गडद रंग टाळावेत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, प्रकाश परतवणारी पट्टी लावून धावावे.

मधुमेही व्यक्तींनी अधिक दक्षता घ्यावी. पायाची संवेदना कमी झाली असल्यास बुटातील खडा टोचल्याचेही कळत नाही आणि क्षुल्लक फोडाची जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. बूट चढवण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा, धावून आल्यावर तळपाय आरशात तपासावा आणि धावणे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी.

गावातील शाळेला किंवा भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना बूट भेट देण्याची इच्छा अनेक दात्यांना असते. अशा वेळी एकाच मापाचे जोड घाऊक घेण्याऐवजी प्रत्येक मुलाला सायंकाळी कागदावर उभे करून दोन्ही पावलांची आकृती काढून घ्यावी. दोन पावलांत पुष्कळदा थोडा फरक असतो; मोठ्या पावलाचे माप धरावे व कागदावर मुलाचे नाव लिहून तो दुकानदारास द्यावा. त्याच खर्चात प्रत्येकी दोन जोड चांगले मोजेही बसवता आले, तर अवश्य बसवावेत.