बायोस अपडेट आणि पासवर्डचा अडसर
बायोस अपडेट करताना संगणक पासवर्ड मागतो, आपण विंडोजचा देतो आणि तो नाकारला जातो. कारण बायोसचा पासवर्ड वेगळा असतो. तो मदरबोर्डवर साठवलेला असल्याने विंडोज नव्याने टाकूनही जात नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा गोल सेल काही वेळ काढून ठेवल्यास हा पासवर्ड बहुधा पुसला जातो. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ही युक्ती चालत नाही. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाला विचारा; स्वतःचा असेल तर खरेदीची पावती घेऊन सेवा केंद्र गाठा.

अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितली गेली, तर ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधील डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सुविधेची असते. म्हणून अपडेटपूर्वी बिटलॉकर तात्पुरते थांबवा आणि ती की कागदावर उतरवून ठेवा.