द्विध्रुवी भावविकार : उन्मादाची ओळख आणि लिथियमचे व्यवस्थापन

द्विध्रुवी भावविकार बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा विशीच्या आरंभी प्रकट होतो; म्हणजे नेमक्या ज्या वयात विद्यार्थी आपल्या वर्गात असतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (ज्यातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही त्याची उणीवच) सुमारे ०.५ टक्के प्रौढांमध्ये या विकाराचा आयुष्यभरातील आढळ नोंदला गेला आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के उपचारांपासून दूर असल्याचे दिसले.

या विकारात अवसाद आणि उन्माद अशा दोन अवस्था असतात. अवसाद ओळखला तरी जातो. उन्माद मात्र महाविद्यालयात ‘उत्साह’ म्हणून कौतुकाचा विषय ठरतो. आठवडाभर वा अधिक काळ तीन-चार तास झोपूनही थकवा नसणे, अखंड बोलणे, एकाच वेळी अनेक योजना आरंभणे, उधळपट्टी करणे ही त्याची लक्षणे होत. निद्रानाशाच्या रुग्णाला झोप हवी असते, पण येत नाही. उन्मादात झोपेची गरजच भासत नाही. हा भेद शिक्षकांच्या ध्यानी असावा. झोपमोड स्वतःही उन्मादाला निमित्त ठरू शकते. बोरिवली-घाटकोपरमधील नवरात्राच्या रात्री आणि परीक्षेपूर्वीची जागरणे या दृष्टीने सारखीच जोखमीची.

पुष्कळदा प्रथम अवसादच दिसतो. अशा रुग्णाला केवळ अवसादरोधक औषध दिल्यास उन्माद उफाळू शकतो. म्हणून पूर्वीच्या अतिउत्साही काळाची माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे.

दीर्घकालीन उपचारांत लिथियमचे स्थान आजही वरचे आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी त्याचा उन्मादावरील परिणाम प्रसिद्ध केला. रक्तातील त्याची पातळी साधारणतः प्रतिलिटर ०.६ ते १.० मिलिमोल राखली जाते; १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो. शरीरातील पाणी वा मीठ घटले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. मे महिन्यात लोकलच्या गर्दीत घामाघूम होणारा, त्यात अळणी किंवा निर्जळी उपवास करणारा किंवा डोकेदुखीवर परस्पर आयबुप्रोफेन घेणारा रुग्ण नकळत या सीमेकडे सरकतो. हातांचा ठळक कंप, जुलाब, तोल जाणे दिसताच डॉक्टरांना गाठावे. शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी रक्त तपासतात. थायरॉइड व मूत्रपिंडांची नियमित तपासणीही आवश्यक असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून घरच्यांनी गोळ्या एकाएकी बंद करणे हेही तितकेच घातक.

उपनगरांतील विद्यार्थ्यांना विलेपार्ल्याचे कूपर वा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय येथील मनोविकार विभाग जवळचे आहेत; ‘टेलिमानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा २०२२ पासून सुरू आहे.

उपस्थितीचा प्रश्न राहतो. आजारपणाचे प्रमाणपत्र लिपिक, विभागप्रमुख, परीक्षा समिती अशा टेबलांवरून फिरते आणि निदान सर्वत्र वाचले जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २३ उपचारकर्त्यांवर गोपनीयतेचे बंधन घालते. महाविद्यालयीन कार्यालयास ते शब्दशः लागू नसले, तरी असे प्रमाणपत्र बंद लिफाफ्यात थेट प्राचार्यांकडे स्वीकारण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नसावी.