विश्लेषण : मोबाइलवर दणदणीत, मैदानात गायब! बेस गिटारच्या पेडलचे गणित नेमके काय?

ऑनलाइन दुकानात पेडल शोधायचे, त्याचा डेमो व्हिडीओ मोबाइलवर ऐकायचा आणि ऑर्डर द्यायची. मोठ्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानांपासून दूर असलेल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बेस गिटारवादकासाठी हाच सोयीचा रस्ता. पेडल घरी येते, खोलीतल्या छोट्या अॅम्प्लिफायरवर झकास वाजतेही. मग कार्यक्रमाच्या रात्री मैदानात शेवटच्या रांगेत बसलेला मित्र विचारतो, ‘तू वाजवत होतास ना?’

अशा वेळी पेडलला नावे ठेवली जातात. पण दोष बहुतेक वेळा पेडलचा नसतो. बेसचा आवाज मोबाइलवर, बंद खोलीत आणि उघड्या मैदानात तीन वेगवेगळ्या प्रकारे पोहोचतो. हा फरक समजला तर पैसे वाचतात आणि बेस शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तो कसा, ते समजून घेऊ.

मोबाइलवर ऐकू येतो तो बेस असतो का?

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, म्हणजे ४१ हर्ट्झ. पुढच्या तीन तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. मोबाइलचा इवलासा स्पीकर मात्र साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली झपाट्याने दुबळा पडतो. म्हणजे चारही मोकळ्या तारांचा मूळ स्वर मोबाइलमधून जवळपास बाहेरच पडत नाही.

तरीही आपल्याला बेस ऐकू येतो, कारण कोणतीही तार एकच स्वर देत नाही. ४१ हर्ट्झच्या तारेतून ८२, १२४, १६५, २०६, २४७ अशा पटींतले उपस्वरही निघतात. यातले वरचे उपस्वर मोबाइल वाजवतो. त्यांच्यातले ४१-४१ चे समान अंतर मेंदू ओळखतो आणि गैरहजर असलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो.

म्हणूनच उपस्वर भरपूर वाढवणारे पेडल मोबाइलवर भारी वाटते आणि फक्त खालचा भाग भरणारे पेडल अगदीच मामुली. त्या पेडलमध्ये खर्ज शिल्लक राहतो की उडून जातो, हे मोबाइलचा स्पीकर सांगूच शकत नाही. पेडल निवडताना नेमकी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते.

जवारी आणि कणीक : टोन बदलण्याची जुनी विद्या

पेडल हा शब्द नवा असला तरी टोन घडवण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. स्वर तोच राहतो, पण उपस्वर खुलतात आणि खर्जाची तारही गुंजत ऐकू येते. भजनातल्या मृदंगाच्या धुमावर, म्हणजे डाव्या पुडीवर, कणीक थापतात. पुडीचे वजन वाढते, ती सावकाश कंप पावते आणि आवाज खाली उतरतो.

बेसचे पेडलही हीच दोन कामे करतात. काही उपस्वर वाढवतात, काही खालचा भाग भरतात. फरक एवढाच की सूत आणि कणकेच्या जागी ट्रान्झिस्टर, डायोड किंवा चिप असते. आपल्याला जवारी हवी आहे की कणीक, हे आधी ठरवले की निम्मी निवड तिथेच होते.

फझचा आवाज आला कुठून?

उपस्वर वाढवणाऱ्या फझ पेडलचा जन्म एका बिघाडातून झाला, आणि तोही बेसच्याच आवाजातून. १९६० मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू होते. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. मिक्सिंग डेस्कचा एक चॅनेल बिघडला आणि बेसचा आवाज फाटून घरघरू लागला. तो तसाच ठेवण्यात आला आणि १९६१ मध्ये गाणे गाजले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच आवाज मुद्दाम काढणारे सर्किट तयार करण्यात पुढाकार घेतला. १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले.

त्या बिघाडात घडले ते असे : तारेतून येणारी गोलसर लहर सर्किटच्या मर्यादेला धडकली आणि तिचे माथे सपाट कापले गेले. यालाच क्लिपिंग म्हणतात. लहरीचा आकार जेवढा गोलाईपासून दूर जातो, तेवढे उपस्वर वाढतात. हलके क्लिपिंग म्हणजे ओव्हरड्राइव्ह, तर टोकाचे म्हणजे फझ.

कोणते पेडल काय करते?

कंप्रेसर : जोरात छेडलेला स्वर थोडा दाबतो आणि हलक्या स्वरांना वर येऊ देतो. एखादा स्वर धाडकन अंगावर येणे आणि पुढचा विरून जाणे कमी होते. मात्र अति केले तर छेडण्यातली धार जाते.

ओव्हरड्राइव्ह आणि फझ : उपस्वर वाढवतात. छोट्या स्पीकरवर बेस ओळखू येण्यासाठी सर्वांत उपयोगी.

ऑक्टेव्ह : वाजवलेल्या स्वराखाली एक सप्तक जोडतो. १९८२ मध्ये आलेल्या बॉस कंपनीच्या ओसी-२ ने हा प्रकार लोकप्रिय केला. पण जाड तार मोकळी वाजवून हे पेडल दाबले तर ४१ चे २०.६ हर्ट्झ होतात. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ. म्हणजे स्पीकर दमतो आणि ऐकणाऱ्याला फारसे काही मिळत नाही. हे पेडल वरच्या पट्ट्यांवर वाजवतानाच शोभते.

एन्व्हलप फिल्टर : छेडण्याच्या जोरानुसार आवाज ‘वाव्’ असा उघडतो-मिटतो. अशा सरकत्या फिल्टरची एक ओळख मुंबईतही आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ च्या अल्बममध्ये रोलँड टीबी-३०३ या यंत्रावर राग वाजवले. हे यंत्र बेस गिटारची नक्कल करण्यासाठी बनवले होते. नक्कल जमली नाही, पण त्याच्या सरकत्या फिल्टरचा आवाज पुढे जगभर गाजला.

प्रीअॅम्प आणि डीआय : आवाजाला आकार देऊन तो थेट मिक्सरला पाठवता येईल असा करतात. साउंडवाल्याकडे बेसचा वेगळा अॅम्प्लिफायर नसेल, तर हीच पेटी कार्यक्रम सांभाळते.

गिटारचे पेडल बेसला लावले तर?

लावता येते, काही बिघडत नाही. पण खर्ज हरवू शकतो. आयबानेझच्या प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमरचे उदाहरण घेऊ. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खाली उतरत गेले की गेन कमी कमी होत जातो. गिटारसाठी ते सोयीचे, कारण आवाज गढूळ होत नाही. बेसवर मात्र मधले स्वर फुगतात, खालचे जागच्या जागी राहतात आणि एकूण आवाज पातळ वाटतो.

म्हणून बेससाठी बनवलेल्या बऱ्याच ओव्हरड्राइव्ह पेडलवर ‘ब्लेंड’ नावाची खुंटी असते. ती मूळ स्वच्छ आवाज आणि फाटलेला आवाज हवे त्या प्रमाणात मिसळते. खर्ज स्वच्छ राहतो आणि वर जवारी चढते. एकच पेडल घ्यायचे असेल तर दिव्यांचे रंग आणि नाव नंतर पाहावे, ही खुंटी आहे का ते आधी पाहावे.

झाडीपट्टीच्या मैदानात काय वेगळे होते?

दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्याचे केंद्र. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके चालतात. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील कामासाठी.

या नाटकांत संगीत जिवंत असते. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड ही ओळखीची साथ. खर्जाची बाजू ऑर्गनचा डावा हात आणि तबल्याचा डग्गा सांभाळतात. बेस गिटार हा या साथीचा पारंपरिक भाग नाही. त्यामुळे इथे किंवा गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात बेस उभा राहतो, तेव्हा त्याला आधीच भरलेल्या खालच्या पट्टीत जागा शोधावी लागते. सगळेच खाली गर्दी करू लागले तर संवाद बुडतात, आणि प्रेक्षक रात्रभर बसतो तो संवादांसाठी आणि गाण्यांसाठी.

त्यात मैदान उघडे असते. ४१ हर्ट्झच्या एका लहरीची लांबी सुमारे ८ मीटर. खोलीच्या भिंती आणि कोपरे अशा लांब लहरी परतवून बेस वाढवतात. मैदानात भिंतीच नाहीत, त्यामुळे खर्ज चहूकडे पसरून विरतो. मागच्या बाजूला भोंगे लावले असतील तर खर्ज तिथे जातच नाही, कारण भोंग्याची बनावट माणसाच्या बोलण्याच्या पट्टीसाठी असते. मोबाइलसारखेच तिथेही फक्त उपस्वर पोहोचतात.

घरी टोन ठरवताना आणखी एक फसगत होते. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले. त्यामुळे रात्री घरी हळू आवाजात वाजवताना बेसची खुंटी नकळत वर जाते. तीच सेटिंग मंचावर मोठ्या आवाजात नुसती गडगडते.

उपाय साधा आहे. मैदानात बेसची खुंटी थोडी खाली, मधले स्वर थोडे वर आणि ओव्हरड्राइव्हचे हलके मिश्रण. सबवूफर असेल तर तो जमिनीवर ठेवावा. जमीन आवाज परतवते आणि खर्जाला फुकटची मदत मिळते.

‘घूं’ आवाज येतो तो कुठून?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे विजेची घूं बेसच्या घरातच येऊन बसते आणि ती गाळायला गेले तर बेसही गाळला जातो. म्हणून ती मुळातच येऊ न देणे बरे.

बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. उलट ध्रुवांचा अडॅप्टर लावला तर पेडल जळू शकते. एकाच अडॅप्टरवरून पाच-सहा पेडल चालवले की आवाजात किरकिर मिसळण्याची शक्यता वाढते. प्रत्येक पेडलला वेगळा पुरवठा देणारा सप्लाय घेणे, किंवा एक-दोनच पेडल असतील तर बॅटरी वापरणे हा चांगला मार्ग.

घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडणे मात्र जिवावर बेतू शकते. गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यात विजेचा दाब तयार झाला तर एक हात तारेवर आणि ओठ माइकला, एवढेही पुरते. डीआय पेटीवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचे बटण असते, ते वापरावे. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थिंग आहे का, हे मंचावर चढण्याआधी विचारून घ्यावे.

ऑर्डर देण्याआधी काय करावे?

डेमो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. कानभर बसणारा हेडफोन लावावा आणि पेडल बंद-चालू होते तो क्षण नीट ऐकावा. चालू केल्यावर खर्ज हलका झाला, तर मैदानात तो आणखी हलका होणार.

बोटांचा टोन आधी तपासावा. घोडीजवळ छेडले तर आवाज कडक, मानेजवळ छेडले तर गोल. जुन्या तारांचे उपस्वर मेलेले असतात. अनेकदा तारांचा नवा संच बदलला की पेडलची गरजच उरत नाही.

मोबाइलवरही प्रयोग करता येतो. आयफोनवरच्या गॅरेजबँडमध्ये किंवा तशा दुसऱ्या अॅपमध्ये ऑडिओ इंटरफेस जोडून स्वच्छ बेस ध्वनिमुद्रित करावा आणि त्यावर एकेक इफेक्ट लावून हेडफोनवर ऐकावा. कोणता इफेक्ट आपल्या गाण्यांत खरोखर लागतो, हे पैसे खर्च करण्याआधी कळते.

शेवटची परीक्षा मैदानातच होते आणि तिला एक पैसा लागत नाही. साउंड चेकच्या वेळी गिटार मित्राच्या गळ्यात द्यावी, पूर्ण साथ सुरू करायला सांगावी आणि स्वतः चालत शेवटच्या रांगेपर्यंत जावे. तिथे संवाद स्पष्ट आणि बेसचा प्रत्येक स्वर ओळखू आला, तर पेडलची खुंटी आहे तिथेच ठेवावी.