नोंदवहीतल्या क्रमांकापासून कोकणातल्या वाडीपर्यंत

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर 1834 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर कराराने गेले. सर्वाधिक माणसे कलकत्त्याच्या बंदरातून गेली, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईचा वाटा या तिन्हींत सर्वात लहान होता आणि तोही मुख्यतः 1840 ते 1860च्या दशकांतला. मुंबईहून गलबतात चढलेल्यांत रत्नागिरी आणि सातारा भागातली मराठी माणसे बरीच होती. त्यांचे वंशज आज वाक्वा, कास्काव्हेल, हेन्रिएट्टा अशा ठिकाणी राहतात, गणेशचतुर्थी थाटात साजरी करतात, आणि त्यांच्यातले अनेकजण आता एकच प्रश्न घेऊन महाराष्ट्राकडे वळतात: आपले गाव कोणते?

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली आणि मॉरिशसमध्ये 1 फेब्रुवारी 1835 पासून त्याचा अंमल सुरू झाला. मळेवाल्यांना मजूर हवे होते. ‘अ‍ॅटलस’ जहाज 36 भारतीय मजुरांना घेऊन 2 नोव्हेंबर 1834 रोजी पोर्ट लुईला पोचले. तो दिवस तिथे आज सार्वजनिक सुट्टीचा असतो. महिना पाच रुपये पगार, तांदूळ-डाळीचा शिधा आणि कपडे असा सुरुवातीचा करार होता. छळाच्या तक्रारींमुळे 1839 मध्ये ही वाहतूक बंद झाली आणि 1843 पासून सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली. वंशाचा शोध घेणाऱ्यांच्या दृष्टीने ही देखरेख फार मोलाची ठरली, कारण तिच्यामुळे प्रत्येक माणसाची नोंद ठेवली गेली.

पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या ज्या तळावर मजूर उतरवले जात, तो ‘आप्रवासी घाट’ 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे तयार झालेल्या नोंदवह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, आगमनाची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले तो मळा, असे रकाने आढळतात. शिवाय प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, आणि तो मरेपर्यंत त्याची पाठ सोडत नसे. पास, लग्न, मालकाविरुद्धची तक्रार, मायदेशी परतणे या सगळ्या कागदांवर तोच क्रमांक येतो. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले. पोलिसांनी माणूस पटकन ओळखावा, भटका म्हणून पकडावा, यासाठी ती सोय होती. जुलमासाठी काढलेले हेच फोटो आज अनेक कुटुंबांकडचे पणजोबा-खापरपणजोबांचे एकमेव चित्र आहे. छायाचित्राची सक्ती होण्याआधी, 1840 च्या दशकात उतरलेल्या कोकण्याचाही चेहरा अशा परवान्यामुळे सापडू शकतो.

शोधाची सुरुवात म्हणूनच नावापासून नव्हे, क्रमांकापासून करावी लागते. घरातल्या आजोबांच्या जन्मदाखल्यावरून त्यांच्या आई-बापाचे लग्न, त्यावरून आणखी मागची पिढी, असे मॉरिशसच्या नागरी नोंदणीतले दाखले एकेक पायरी वर चढत जातात आणि कुठेतरी आप्रवासी क्रमांक लिहिलेला कागद हाती येतो. नावावर भिस्त ठेवणारा मात्र लवकर अडकतो. मजुराने फक्त आपले आणि बापाचे नाव सांगितलेले असे. मग पुढच्या पिढीला बापाचे नावच आडनाव म्हणून चिकटले. बाबाजी, भिवाजी, सखाराम ही तिथली आडनावे अशी घडली. कोकणातले मूळ आडनाव बहुतेकदा तळावरच्या कारकुनापर्यंत पोचलेच नाही.

गावाच्या रकान्यात काय लिहिले आहे, हा यापुढचा अवघड भाग. मजुराने मालवणी किंवा संगमेश्वरी उच्चारात सांगितलेले नाव परक्या कानांनी ऐकून रोमन लिपीत उतरवले गेले. ते मनातल्या मनात न वाचता मोठ्याने वाचून पाहिले, तर अनेकदा उलगडते. जिल्हाही जसाच्या तसा घेऊन चालत नाही. त्या काळच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्ग येतो, कारण तो 1981 मध्ये वेगळा झाला. साताऱ्याच्या पोटात आजच्या सांगलीचा मोठा भाग होता. एकाच नावाची गावेही कमी नाहीत. पाली रत्नागिरी तालुक्यात आहे, तशी रायगडात सुधागडलाही आहे. परगण्याचा रकाना भरलेला असेल तरच असा गुंता सुटतो.

समुद्र ओलांडून गाव ओळखले, तरी खरी कसोटी त्यानंतरच लागते. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलशी तुलना केली की फरक कळतो. 1866 मध्ये तांब्याचे भाव कोसळल्यावर तिथले हजारो खाणकामगार ऑस्ट्रेलियातल्या मूंटापासून आपल्याकडच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पांगले. पण त्यांच्या वंशजांना मायदेशात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, 1837 पासूनची जन्म-मृत्यू नोंदणी आणि 1841 पासूनची नावानिशी जनगणना हाताशी मिळते. कोकणात 1845 साली जन्मलेल्या कुळाच्या पोराची नोंद कोण ठेवणार? गेलेल्या माणसाचा कागद मॉरिशसमध्ये आहे, मागे राहिलेल्यांचा फारसा नाही. म्हणून इथे शोध घ्यायचा तो गेलेल्याचा नव्हे. त्याच्या भावाचा, पुतण्याचा, भावकीचा.

त्यासाठी कागद आहेत. खोती गावांमध्ये कोणते कूळ कोणती जमीन कसते याची ‘बोटखत’ नावाची नोंद असे. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकात, जन्म-मृत्यू लिहिले जात. यांतले पुष्कळ मोडीत आहे. 2023 मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकार बसवून कुणबी नोंदी शोधल्या गेल्या आणि अनेक जिल्ह्यांनी जुनी पाने स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकली. त्या कामाचा हेतू वेगळा होता, पण वंशाचा माग काढणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. सातारा-सांगलीकडच्या घराण्यांसाठी गावोगाव फिरून वंशावळी सांगणारे हेळवी आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. 1821 मध्ये स्थापन झालेल्या या दफ्तरखान्यात मुंबई सरकारचा जुना पत्रव्यवहार आहे. तिथे एखाद्या मजुराचे नाव मिळण्यापेक्षा त्या काळाचे चित्र मिळण्याची शक्यता अधिक.

कागदाइतकाच उपयोग माणसांचा होतो, आणि ही माणसे बऱ्याचदा गावात नसून मुंबईत असतात. जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडी, मजासवाडीसारख्या वस्त्यांत कोकणी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा वस्त्यांमधून गावागावांची ग्रामस्थ मंडळे चालतात. वाडीत कोणत्या आडनावाची किती घरे, कोणत्या भावकीला ग्रामदेवतेचा कोणता मान, ओसाड पडलेला चौथरा कोणाचा, हे मंडळातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. मॉरिशसचे मराठी लोक ‘झाकरी’ नाचतात आणि रत्नागिरीत गौरी-गणपतीला जाखडी नाचतात. दोन्हीकडची गाणी आणि पावले जाणकारांनी शेजारी ठेवून पाहिली, तर मुलुखाचा अंदाज बांधता येतो. घर मात्र ठरवता येत नाही.

अनेक शोध वाडीपर्यंत येऊन थांबतात. नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि काळ या पाचही गोष्टी जुळल्या तरच नाते सांगावे. दूरवरून आलेल्या पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून भलत्याच घराचा उंबरठा दाखवणे ही दयाळूपणाची गोष्ट नाही; ती चूक पुढच्या पिढ्यांच्या वंशावळीत कायमची जाऊन बसते.

कराराशिवाय, स्वतःच्या खर्चाने गेलेल्या कोकणी माणसांचा माग काढणे त्यामानाने सोपे असते. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले अनेक कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केप टाउनला दुकानदारी आणि मजुरीसाठी गेले. ते गावी येत-जात राहिले, लग्ने गावात केली, पैसे पाठवले. 1906 च्या केप वसाहतीच्या कायद्यानुसार परत येण्यासाठी परवाना लागे, आणि ती कागदपत्रे तिथल्या अभिलेखागारात आहेत.

मॉरिशसच्या नोंदवह्यांना मार्च 2024 पासून आणखी एक व्यावहारिक महत्त्व आले. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पोर्ट लुईच्या भेटीत भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळण्याची तरतूद जाहीर केली. पूर्वज भारतातूनच आला होता हे दाखवायला महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदीचा उतारा कामी येतो, आणि तो काढायला गेलेल्या माणसाला त्याच ओळीत जिल्ह्याचा आणि गावाचा रकानाही दिसतो.