परक्या शहरातील मावशी

कल्याण सोडून आगगाडी कर्जतकडे निघाली, की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. या स्थानकाच्या शेजारी असलेले कल्याण हे आनंदीबाई जोशी यांचे माहेर. १८८३ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्या वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. त्यांचे पहिले मूल दहा दिवसांतच दगावले होते. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत, ही सल त्यांच्या मनातून गेली नाही.

कोलकात्याहून त्या आगबोटीत बसल्या, तेव्हा सोबतीस नात्याचे कोणीही नव्हते. जूनमध्ये बोट न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली. परक्या देशात उतरताना माणसाला भीती वाटते ती उंच इमारतींची नव्हे; इतक्या गर्दीत आपली वाट पाहणारे कोणी नाही, याची. आनंदीबाईंची वाट पाहणारे मात्र तेथे कोणीतरी होते. थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी १८८० साली एका मासिकात त्यांच्याविषयी वाचले होते. तेव्हापासून दोघींचा पत्रव्यवहार चालू होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. न्यू जर्सीतील रोझेल या गावी, मावशींच्या घरी, त्यांनी पहिला उन्हाळा घालविला. तेथील रीतिभाती त्या शिकल्या, तशाच आपल्याकडच्या रीतिभाती त्यांनी त्या कुटुंबास सांगितल्या. पाहुणा नुसता घेतच राहिला, तर तो पाहुणाच राहतो. काही देऊ लागला, म्हणजे घरचा होतो.

पुढे फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात अभ्यास सुरू झाला. येथे मावशी नव्हत्या. हिवाळ्यात पाणी गोठविणारी थंडी पडे. खोलीतील शेगडी पेटवावी, तर खोलीभर धूर होई. न पेटवावी, तर अंग काकडे. शाकाहार सोडावयाचा नाही, हा त्यांचा निश्चय होता आणि मनाजोगते अन्न तर सहज मिळत नसे. साडीही त्यांनी सोडली नाही. मात्र नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून ती गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला. काय धरून ठेवावे आणि काय बदलावे, हे त्यांचे त्यांनीच ठरविले होते.

महाविद्यालयात जपानची केइ ओकामी आणि सिरियाची साबात इस्लामबुली याही शिकत होत्या. १८८५ सालचे या तिघींचे एक छायाचित्र आजही पाहावयास मिळते. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. त्या शहरात परक्या तिघीही होत्या. पण एकमेकींना त्या परक्या नव्हत्या.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. मन तेथे रमले होते, पण शरीराने साथ दिली नाही. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पती गोपाळराव यांनी त्यांची रक्षा मावशींकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही उभा आहे.