वाफसा टिकविणारी मशागत : सातारा-सांगली परिसरातील हळदीचे गादीवाफे

प्रस्तावना

सातारा व सांगली हे कृष्णाकाठचे शेजारी जिल्हे; परंतु पर्जन्याच्या दृष्टीने पाहता त्यांत अनेक भिन्न प्रदेश सामावलेले आहेत. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, आटपाडी व जत या तालुक्यांत तो सरासरी पाचशे मिलिमीटरच्या घरात राहतो. या दोन टोकांच्या मध्ये वाई, कराड, वाळवा, मिरज अशा तालुक्यांतून कृष्णाकाठची काळी जमीन पसरलेली आहे. हळद हे या पट्ट्यातील परंपरागत नगदी पीक होय. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या केंद्रात या पिकावर संशोधन चालते.

हळदीची लागवड मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या प्रारंभापर्यंत होते आणि पीक सुमारे आठ-नऊ महिन्यांनी काढणीस येते. म्हणजेच तिच्या वाढीचा महत्त्वाचा काळ पावसाळ्यातच जातो व विकावयाचा कंद जमिनीतच पोसला जातो. त्यामुळे पावसाळी वाफा कसा बांधावा व त्यातील माती कशी सुधारावी, हे समजून घेण्यास हे पीक विशेष उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचे विवेचन केले आहे.

वाफसा : मूळ संकल्पना

मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा यांचे योग्य प्रमाण असण्याच्या अवस्थेस शेतकरी 'वाफसा' म्हणतात. काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असते. ही माती ओली होताच फुगते, भेगा मिटतात व पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. पाणी साचले की मुळांना प्राणवायू मिळत नाही, नत्राचा काही भाग वायुरूपाने उडून जातो आणि पिथियमसारख्या बुरशींना अनुकूल स्थिती लाभते. हळदीवरील कंदकूज रोग भर पावसात बळावतो, तो यामुळेच. अशा ओल्या जमिनीत मशागत केल्यास मातीची कणरचना मोडते व पुढे टणक ढेकळे होतात. म्हणून वाफे बांधण्याचे काम पावसापूर्वीच पूर्ण होणे इष्ट ठरते.

गादीवाफ्याची रचना

पूर्वी हळद मुख्यत्वे सरी-वरंब्यावर लावीत. आता गादीवाफ्याची पद्धत रूढ झाली आहे. सर्वसाधारणपणे १२० ते १५० सें.मी. अंतरावर सऱ्या पाडून ६० ते ९० सें.मी. रुंद माथ्याचे व २० ते ३० सें.मी. उंचीचे वाफे तयार करतात. त्यांवर दोन ओळींत ३० सें.मी. अंतराने निरोगी गड्डे लावतात. उंचीमुळे कंदाभोवतीचे जादा पाणी सरीत उतरते. मात्र सरीच्या शेवटी पाण्यास वाट नसेल, तर सरी हीच तळे बनते व वाफा खालून भिजत राहतो. वाफ्याच्या उंचीइतकेच महत्त्व शेताच्या टोकाशी काढलेल्या चरास आहे, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

सेंद्रिय द्रव्याची भर

रचना पाण्याला वाट देते; परंतु वाफ्याच्या आत हवा खेळती ठेवण्याचे काम सेंद्रिय द्रव्य करते. त्याच्या योगे मातीचे कण एकत्र बांधले जाऊन स्थिर, सच्छिद्र कणसमूह तयार होतात. हळदीसाठी हेक्टरी ३५ ते ४० टन कुजलेल्या शेणखताची शिफारस केली जाते. दहा चौरस मीटरच्या वाफ्यास हे प्रमाण ३५ ते ४० किलो येते.

शेणखताची टंचाई असताना उसाचे पाचट हा या परिसरातील सहज उपलब्ध स्रोत आहे. पाचटात कर्ब पुष्कळ व नत्र अल्प असते. ते न कुजविता गाडल्यास कुजविणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि पीक पिवळे पडते. यास्तव एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू संवर्धक वापरून ते आधी कुजवावे. पाचट जाळल्याने मात्र हा कर्ब कायमचा गमावला जातो. आदल्या हंगामात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर येताच गाडणे, हाही उत्तम बेवड होय.

पावसाळ्यातील निगा

लागवडीनंतर वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास पावसाच्या थेंबांचा मार माती सोसत नाही व पृष्ठभाग घट्ट होत नाही. नत्र एकदाच दिल्यास पावसाने वाहून जाते. म्हणून ते दोन हप्त्यांत, लागवडीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी व भरणीच्या वेळी देतात. अडीच ते तीन महिन्यांनी उघडे पडलेले कंद सरीतील मातीने झाकणे म्हणजे भरणी. ती उघडीप पाहून, वाफसा आल्यावरच करावी.

पद्धतीच्या मर्यादा

गादीवाफा सर्वत्र उपकारक ठरत नाही. माण-जतच्या हलक्या जमिनीत उंच वाफा लवकर सुकतो. तेथे पाणी अडविणारे सपाट वाफेच योग्य होत. अधिक गंभीर प्रश्न कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींचा आहे. उसाला मोकाट पाणी दिल्याने भूजलपातळी वर येते, बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागाशी साचतात. अशा जमिनीत पाऊस थांबताच सरीतील पाणी वाफ्याच्या माथ्याकडे ओढले जाऊन क्षार नेमके तेथेच जमतात. म्हणजे उपाय म्हणून बांधलेला वाफाच पिकास बाधक होतो. पावसाळा हा क्षार धुऊन नेणारा नैसर्गिक काळ आहे. पण तो लाभ चर अथवा भूमिगत सच्छिद्र पाइपांद्वारे निचरा केलेल्या जमिनीसच मिळतो. चोपण जमिनीत जिप्समही निचऱ्यावाचून निष्फळ ठरते.

समारोप

तात्पर्य, निचरा, वाफा व सेंद्रिय द्रव्य हा क्रम आहे. त्यातील पहिली पायरी गाळून दुसरी साधत नाही. महाविद्यालयांच्या प्रांगणातही हे पडताळता येईल. एक फूट खोल खड्डा पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळी भरलेले पाणी चोवीस तासांनंतरही उरल्यास प्रथम निचऱ्याची सोय करावी. त्यानंतर एक वाफा शेणखतासह व एक त्याविना करून, हंगामापूर्वी आणि नंतर सामू, विद्युतवाहकता व सेंद्रिय कर्ब तपासावा. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व भूगोल या तिन्ही विभागांना एकत्र आणणारा हा अल्पखर्चिक उपक्रम ठरेल. जमीन क्षारपड होण्यास काही वर्षे पुरतात, ती पूर्ववत करण्यास मात्र पुष्कळ अधिक काळ व पैसा लागतो, याची जाणीव विद्यार्थ्यांना त्यातून प्रत्यक्ष होईल.